तेजीच्या दिवसांतली वही

दिवाळीच्या अंकासाठी काही लिहून द्या, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा मी आधी पानं किती, हे विचारलं. सवय आहे. जन्मभर मी लिहीतच होतो, पण त्यात विशेषण एकही नव्हतं.

हिशेबाच्या धंद्यात कुठून शिरावं आणि शिरल्यावर पुढं कुठं जावं, हे विचारायला हल्ली लोक माझ्याकडे येतात. कोणाला मुलाला बँकेत लावायचं असतं, कोणाला जिनिंगच्या कारखान्यात, कोणाला कचेरीत. मी सल्ला देत नाही. हाच प्रश्न माझ्यापुढं एकोणिसाव्या वर्षी एकाच आठवड्यात उभा राहिला होता आणि त्याचं उत्तर मला जिथं मिळालं तिथं हिशेबाची वहीसुद्धा नव्हती. ते सांगतो.

आम्ही तिवस्याकडचे माळी. माझा बा वांगी, मिरच्या, मेथी पिकवायचा आणि आठवड्यातून एकदा रिद्धपूरच्या मठात भाजी पोचवायचा. मी गाडीवर असायचो. भाजी उतरेपर्यंत मठातले एक म्हातारे बाबा मला जवळ बसवून अक्षरं काढायला लावत. त्यांना बाळबोध येत होती, मोडी येत होती आणि महानुभावांची ती गुप्त लिपीही येत होती. गुप्त लिपी त्यांनी मला शिकवली नाही. मोडी मात्र अशी शिकवली की पुढं कोणाच्याही घाणेरड्या अक्षराला मी घाबरलो नाही.

त्याच सुमारास अमेरिकेत लढाई जुंपली, तिकडचा कापूस विलायतेला जाईना आणि विलायतेचे व्यापारी वऱ्हाडात येऊन बसले. कापसाचा भाव असा चढला की लोक भाजीचे वाफे मोडून कपाशी लावू लागले. आमच्या बानं लावली नाही.

"कापूस तं समदेच लावून राहिले," तो म्हणायचा. "मंग खातीन काय, सरकी?"

लोक हसले. दोन वर्षांत अमरावतीच्या बाजारात वांगं इतकं महागलं की बानं भाजीवर नवी बैलजोडी घेतली. मग कोणी हसलं नाही.

पेढ्यांना तेव्हा लिहिणारी माणसं पुरत नव्हती. माल गाड्या भरभरून येत होता आणि नोंदी करायला हात नव्हते. म्हणून माळ्याचा मुलगा असूनही मला अमरावतीच्या एका आडत पेढीवर मुनीमजींसमोर उभं राहता आलं. एरवी ती जागा त्यांच्या भाच्या-पुतण्यांची. मुनीमजींचं नाव हरकचंदजी. मारवाडातून पायी आलेले, शब्द मोजून बोलणारे. त्यांनी पानभर आकडे पुढं टाकले. मी बेरीज सांगितली.

"फिरून कर," ते म्हणाले.

मी केली. तीच आली.

"फिरून कर."

"जी, आकडे तेच हायेत तं बेरीज कशी बदलंन?" मी म्हणालो.

ते पहिल्यांदा हसले. "उद्यापासून ये," म्हणाले.

त्यांच्या हाताखाली मी दीड वर्ष काढलं. धंदा बाहेरच्यांना वाटतो तेवढा अवघड नाही. आलेलं जमेला, गेलेलं नावे, आणि दिवस मावळायच्या आत रोकड वहीतली शिल्लक आणि तिजोरीतली शिल्लक एक झाली पाहिजे. वहीत खाडाखोड करायची नाही. चूक झाली तर ती तशीच ठेवून खाली तिची उलटी नोंद करायची, म्हणजे चूकही दिसते आणि दुरुस्तीही दिसते. मला हे काम पहिल्या दिवसापासून आवडलं. आवडलं म्हणजे किती, तर माझी नोंद चुकू शकते हेच मला सहा महिन्यांत वाटेनासं झालं.

एवढी एक गोष्ट मात्र समजावून सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. शेतकरी कापूस आणतो, तो काट्यावर चढतो, आणि मग दोन रीती असतात. एक खरेदी: त्या दिवशीचा भाव ठरला, माल पेढीचा झाला, उद्या भाव चढो की पडो, नफा-तोटा पेढीचा. दुसरी आडत: माल शेतकऱ्याचाच राहतो, पेढी तो पुढं विकून देते, येईल तो भाव शेतकऱ्याचा आणि पेढीला फक्त आडत, म्हणजे दलाली. वहीत नावापुढं एक अक्षर घालायचं, 'ख' किंवा 'आ', आणि शेतकऱ्याला वजनाची चिठ्ठी द्यायची तिच्या कोपऱ्यातही तेच. आणि आणखी एक. खरेदी असेल तर हमाली आणि तोलाई पेढीच्या खर्चात पडते. आडत असेल तर ती शेतकऱ्याच्या पैशातून कापतात.

आमच्या शेटजींनी अकोल्याला नव्या रेल्वेजवळ वखार घेतली होती. माणूस चांगला होता. माल घेऊन आलेल्यांना जेवल्याशिवाय जाऊ देत नसे. पण तेजीनं त्यांना धीर आला होता, आणि आडतीवर समाधान न मानता ते स्वतः खरेदी करू लागले होते. वाटेत लुटालूट फार, म्हणून शेतकरी भाव ठरवून पैसे पेढीवरच ठेवून जात आणि लग्नाकार्याला नेत. म्हणजे माल शेटजींचा, आणि पैसे द्यायचे बाकी.

अशात लढाई संपल्याची तार मुंबईला आली. भाव तिथून पडत पडत आमच्यापर्यंत यायला फार दिवस लागले नाहीत.

त्याच आठवड्यात शेटजींचा मला अकोल्याला निरोप आला. तिथला जुना गुमास्ता ताप भरून गावी गेला होता. वखारीची खरेदी-आडत वही फार गिचमिड झाली आहे, नवी पक्की नक्कल करायची, असं काम होतं. हरकचंदजी मला निरोप देताना एवढंच म्हणाले, "डोळे उघडे ठेवून लिही." मी मनात म्हटलं, मिटून कोण लिहितं?

शेटजी स्वतः जुनी वही मांडीवर घेऊन सांगत आणि मी उतरवून घेई. पहिल्या दिवशी चार पानं झाली. प्रत्येक नावापुढं 'आ' येत होता. जुनी वही माझ्या हातात त्यांनी दिली नाही. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. मालक सांगतो, गुमास्ता लिहितो.

दुसऱ्या दिवशी हिवरखेडचे गणुजी आले. पन्नाशीचे, स्वतःची काळी जमीन असलेले, ताठ चालणारे. मुलीचं लग्न निघालं होतं म्हणून पैसे न्यायला आले होते. मी नवी वही उघडली, त्या दिवशीच्या पडलेल्या भावानं हिशेब केला, आडत कापली, हमाली-तोलाई कापली आणि आकडा सांगितला.

गणुजी माझ्याकडे पाहत राहिले. "भाव तं ठरला होता न?" ते म्हणाले. "मी पैसे इथं ठेवून गेल्तो. माह्या घरची बी संग होती."

"गणुजी, वहीत आडत लिहिलं आहे."

"मले त आठवते का ठरला होता."

मी वही त्यांच्याकडे फिरवली. त्यांना वाचता येत नाही हे मला माहीत होतं. तरी ओळीवर बोट ठेवलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं: नाव, गाव, वजन, आडत. त्यांनी हातातली चिठ्ठी पुढं केली. तिच्यावरचं वजन मी ताडून पाहिलं आणि ती तारेला टोचून ठेवली. पक्की वही समोर असताना कच्च्या चिठ्ठीचा कोपरा कोण बघतो?

"लिहिलं असंन तं तसंच असंन," गणुजी म्हणाले. अंगठा दिला, पैसे कमरेला बांधले आणि गेले. त्यांचं जाणं मला आजही दिसतं, कारण ते येताना जसे चालत होते तसे जाताना चालत नव्हते.

दुपारी मी हमालीचा मेळ घ्यायला बसलो. नव्या वहीप्रमाणे सगळा माल आडतीचा, म्हणजे हमालांच्या मुकादमाला पेढीनं किती दिले आणि शेतकऱ्यांकडून किती कापले, हे दोन आकडे जुळले पाहिजेत. जुळेनात. फरक थोडाथोडका नव्हता. मी बेरीज पुन्हा केली. मग रोकड वहीत जिथं जिथं हमाली पेढीच्या खर्चात टाकली होती त्या तारखा काढल्या. त्या सगळ्या तारखांना माझ्या नव्या वहीत 'आ' होता. हमाली पेढीनं भरली, आणि माल मात्र शेतकऱ्याचा? असं कोणती पेढी करते?

मी तारेवरून गणुजींची चिठ्ठी काढली. उजव्या कोपऱ्यात, घामानं पसरलेला पण स्पष्ट, 'ख' होता.

लढाईच्या दिवसांत ठरलेला चढा भाव द्यायला नको, म्हणून शेटजी सगळ्या खरेदीची आडत करून घेत होते. पडलेल्या भावाचा तोटा तेवीस शेतकऱ्यांच्या अंगावर टाकत होते. आणि अक्षर माझं होतं.

मी तसाच उठून त्यांच्या खोलीत गेलो. ते गादीवर पान लावत बसले होते. तिथं मी धर्माच्या आणि न्यायाच्या गोष्टी सांगितल्या, असं लिहायला मला आवडलं असतं. मी हमालीची गोष्ट सांगितली.

"शेटजी, ही वही टिकणार नाही."

"का?"

"तुम्ही आपली वही बदलाल. पण मुकादमाच्या वहीत हमाली पेढीकडून मिळाल्याची नोंद आहे. तोलाईवाल्याकडे तीच आहे. तेवीस माणसांच्या पागोट्यांत चिठ्ठ्या आहेत आणि त्यांवर 'ख' आहे. त्यांतला एक जण जरी चिठ्ठी घेऊन डिप्टी साहेबाच्या कचेरीत गेला, तर आपली एक वही खोटी पडेल आणि तिच्याबरोबर अमरावतीच्या सगळ्या वह्या."

शेटजींनी पान खाली ठेवलं. "तू माझा नोकर आहेस," ते हळू म्हणाले.

"हो. म्हणून तुम्हांला सांगतोय. नसतो तर कचेरीत सांगितलं असतं."

 बोललेलं मागं घ्यावंसं मला वाटलं नाही. शेटजी खिडकीतून वखारीकडे बघू लागले. तिथं त्यांनी चढ्या भावानं घेतलेला कापूस छतापर्यंत भरला होता.

"हे सगळे पैसे दिले तर पेढी बसते, माहीत आहे?"

"बसेल, शेटजी. पण बसलेली पेढी पुन्हा उठवता येते."

 दुसऱ्या दिवशी सकाळी जुनी वही माझ्या बैठकीवर ठेवलेली होती. शेटजींनी अकोल्याची वखार विकली, अमरावतीचं एक घर विकलं आणि दोन महिन्यांत बावीस जणांना ठरल्या भावानं पैसे दिले. नव्या वहीतली ती चार पानं मी फाडू दिली नाहीत. प्रत्येक नोंदीखाली उलटी नोंद केली.

बावीस म्हणालो. गणुजींचा अंगठा घेऊन झाला होता, म्हणून जुनी वही मिळाली त्याच दिवशी मी त्यांची गोष्ट काढली.

"त्याचं मिटलं," शेटजी म्हणाले. "तो समाधानानं गेला."

"तो माझ्या वाचण्यावर विसंबून गेला, शेटजी. त्याला पुन्हा खरं वाचून दाखवायला हवं."

शेटजी पहिल्यांदाच चिडले. फरकाची रक्कम मोजून त्यांनी थैली माझ्यासमोर टाकली. "मग तूच जा. आणि परत आल्यावर दुसरीकडे नोकरी बघ. मला आता एवढी माणसं ठेवणं झेपायचं नाही." ते रागानं बोलले की खरंच गरजेनं, हे मला कधी कळलं नाही. पण थैली दिली, पावतीसुद्धा मागितली नाही.

नोकरी गेल्याची बातमी मी हिवरखेडला निघायच्या आधीच पसरली होती. तीन दिवसांत दोन जागा चालून आल्या. अकोल्याच्या एका विलायती कापूस कंपनीच्या मुंबईकर हेडक्लार्कनं बोलावून घेतलं. इंग्रजी पद्धतीच्या वह्या, टेबल-खुर्ची, पंचवीस रुपये पगार. "दोन वर्षांत मुंबईच्या हपिसात पाठवू," तो म्हणाला. आणि हरकचंदजींनी अमरावतीहून लिहिलं की कचेरीत खजिन्यावर एक जागा आहे, पगार कमी, पण म्हातारपणी पेन्शन. पत्राच्या शेवटी त्यांनी लिहिलं होतं: डोळे उघडे होते, हे कळले.

दोन्ही जागा चांगल्या होत्या. मला कुठंही काम जमलं असतं याबद्दल शंका नव्हती. बैलगाडीत बसून हिवरखेडच्या वाटेला लागलो तेव्हा मी खरं तर मुंबईच्या हपिसाचा विचार करत होतो.

गणुजी ओसरीवर होते. मी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. थैली पुढं ठेवली. वाटलं होतं, त्यांना आनंद होईल. त्यांनी थैलीला हात लावला नाही.

"पैशायचं ठीक हाय," ते म्हणाले. "पन तुले काय मालूम तुनं काय केलं? मी घरी आलो तं माह्या घरची म्हने, भाव ठरला होता, मी आयकला होता. मी हिले चार लोकाइत म्हटलं, तू चूप राय, तुले काई समजत नाई, वहीत लिहिलं हाय. सोयरे बसले होते. मी माह्या बायकोले समद्याइच्या समोर खोटं पाडलं. ते तू कुठी लिहशीन?"

 मी थैली थोडी पुढं सरकवली.

दारात त्यांची बायको उभी होती. सरजाबाई नाव. सगळं ऐकलं होतं. त्या बाहेर आल्या, थैली उचलून आत ठेवली आणि मला म्हणाल्या, "चाल."

"कुठं?"

"ज्याइच्या समोर मले चूप बसवलं, त्याइच्या समोर. चावडीवर हायेत समदे."

 गणुजींनी पागोटं घातलं आणि ते आमच्या मागून निघाले.

चावडीवर दहा-पंधरा माणसं होती. लग्नासाठी आलेले सोयरे होते, गावचे पाटील होते. सरजाबाईंनी मला पुढं उभं केलं. मी बरोबर आणलेली गणुजींची चिठ्ठी काढली. त्यावर काय आहे ते वाचलं, कोपऱ्यातलं अक्षर सगळ्यांना दाखवलं आणि ते काय असतं हे सांगितलं. मग म्हणालो, "भाव ठरला होता. सरजाबाईंनी सांगितलं ते खरं होतं. मी चुकीचं वाचलं."

माझ्या तोंडून ते शब्द पहिल्यांदाच निघाले होते. सोपे नव्हते.

गणुजी पुढं आले आणि बायकोकडे न बघता, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हिचं खरं होतं." सरजाबाईंनी पदर सारखा केला. बाकी काही झालं नाही. पण ती दोघं शेजारी बसली.

मी निघणार, तेवढ्यात पाटलांनी पागोट्यातून एक चिठ्ठी काढली. "हे पायजो जरा. ख हाय का आ हाय?" ती दुसऱ्या पेढीची होती. मी सांगितलं. मग आणखी एकानं काढली. मग कोणी घरून घेऊन आलं. वजनाच्या चिठ्ठ्या, विक्रीच्या हिशेबाच्या पट्ट्या, जुने कागद, कोणाचा तर सासऱ्याच्या वेळचा. प्रत्येकाला मी तो मोठ्यानं वाचून दाखवला, आणि वाचून झाल्यावर त्यालाच विचारलं, "काय समजलं, सांगा." सांगता आलं नाही तर पुन्हा वाचला. तीन चिठ्ठ्यांत वजन चुकलं होतं. दोनदा शेतकऱ्याच्या बाजूनं, एकदा पेढीच्या. तिन्ही वेळा मी तसंच सांगितलं. ज्यांच्या बाजूनं चुकलं होतं ते जरा हिरमुसले, पण उठून कोणी गेलं नाही. ऊन कलेपर्यंत मी तिथंच होतो.

कंपनीत टेबल-खुर्ची मिळाली असती, कचेरीत पेन्शन. पण तिथं कागद ज्याचा, तो माणूस कधी समोर बसला नसता. इथं तो समोर होता आणि माझ्या तोंडाकडे बघत होता.

गाडी जुंपली तेव्हा सरजाबाई जवळ आल्या.

"यवढे कागद वाचले, तुहं काय द्यावं लागंन?"

"काही नको," मी म्हणालो.

"असं कसं? तू काय साधू हाय? तुलेई पोट हाय न." त्यांनी माझ्या हातात एक आणा ठेवला आणि मूठ मिटवली. "मंगळवारी आमी सरकी घ्याले अकोल्याले येऊन राहिलो. पाटीलबी येतीन, त्याइचा कापूस हाय. तू कुठी बसशीन?"

मी कुठंही बसणार नव्हतो. माझ्याकडे नोकरी नव्हती, गादी नव्हती, दौतसुद्धा पेढीची होती.

"बाजारात," मी म्हणालो. "मोठ्या काट्याच्या डाव्या अंगाला."

मंगळवारी मी तिथं घोंगडी अंथरली. सदतीस वर्षं तिथंच बसलो.